बिस्किटांवरची रांगोळी

लेकीकडे जर्मनीला जाऊन आल्यापासून भेटेल ती विचारते, "काय काय पाहिलंत?" किल्ले, राजवाडे, बर्फाचे डोंगर अशी यादी मी सांगावी, अशी अपेक्षा असते. मी म्हणते, "बिस्किटं पाहिली." समोरचीला वाटतं, मी चेष्टा करते आहे. पण खरं सांगते मैत्रिणींनो, तिथल्या दीड महिन्यातलं माझ्या मनात ठसलेलं काही असेल तर ती बिस्किटंच.

आधी जाण्याचं कारण सांगायला हवं. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध सप्टेंबरात झालं, मग दिवाळी आली. आमच्या मिरजेच्या गल्लीत माझी रांगोळी नावाजलेली. मुली वही घेऊन ठिपके उतरवून न्यायला यायच्या. आदल्या वर्षी सुतकी दिवाळी म्हणून डबा माळ्यावरच राहिला. यंदा सुनेने तो खाली काढला, पुसला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, वर्ष झालं आता, काढा ना." मी उंबऱ्याशी बसले. पांढरी रेघ ओढली. रंगाच्या वाटीत बोटं घालायला गेले आणि समोरून जाणाऱ्या दोघीजणी थबकल्यासारखं वाटलं. खरंच थबकल्या की माझ्याच मनाचे खेळ, देव जाणे. पण मी उठले, आणि पुढची रांगोळी सुनेने पुरी केली. नऊवारीतल्या आजीपासून पाहत आलेलं सगळं आपल्या हाडीमाशी असतं. कुणी हात धरलेला नसतानाही हात उठत नाही.

हे सुनेने फोनवर सांगितलं असावं. कारण चार दिवसांत लेकीने तिकीट काढून पाठवलं. विचारलंसुद्धा नाही.

लेक राहते एर्लांगेनला. न्यूर्नबर्गच्या शेजारचं हे गाव, आगगाडीने वीसेक मिनिटांवर. फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस इथला नवा भाग वसवला, म्हणून रस्ते कसे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ. माणसं सायकलवर. सत्तरीच्या बायकासुद्धा टोपल्यात भाजी टाकून सायकलवरून जातात. पण डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारला काळोख! आकाश राखाडी, झाडं नुसत्या काटक्या, लोकांचे कोट काळे. पहिल्या आठवड्यात मी खिडकीशी बसून राही. लेक कामावर, नात शाळेत, आणि स्वयंपाकघरातल्या त्या काचेच्या शेगडीला हात लावायची मला भीती. आपण इथे कशाला आलो, असं दिवसातून दहादा मनात येई. माझ्या फिक्या साड्या त्या राखाडीत अगदी मिसळून गेल्या होत्या.

एका गुरुवारी लेकीने रजा काढली आणि आम्ही न्यूर्नबर्गच्या नाताळ बाजारात गेलो. हाउप्टमार्क्ट म्हणजे गावाचा मोठा चौक. त्यात लाकडी दुकानांच्या रांगा, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापडी छत. या बाजाराचा लेखी पुरावा १६२८ सालचा आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचा. एका बाजूला फ्राउएनकिर्शे हे चर्च, त्याच्या घड्याळात रोज दुपारी बाराला सात सरदार बाहेर येऊन बादशहाभोवती फेऱ्या घालतात. नात माझा हात ओढून ते दाखवत होती. या चौकाची एक काळी गोष्टही जावयांनी सांगितली. इथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. १३४९ साली ती उद्ध्वस्त करण्यात आली, शेकडो माणसं मारली गेली आणि त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागी हे चर्च उभं राहिलं. मग २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात सगळं जुनं शहरच जमीनदोस्त झालं. आता दिसतं ते बरंचसं दगड दगड लावून पुन्हा उभारलेलं.

बाजाराचं उद्घाटन एक मुलगी करते. तिला ख्रिस्टकिंड म्हणतात. गावातल्याच मुलींमधून दोन वर्षांसाठी निवडतात. सोनेरी कुरळे केस, मुकुट आणि पांढरा-सोनेरी झगा असा तिचा वेष असतो. २०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय होते. तिच्या रंगावरून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने वाईटसाईट लिहिलं, तेव्हा गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं आणि लिहिणाऱ्यांना माफी मागावी लागली. लेक हे सांगताना जरा थांबली, मग नातीची टोपी उगाचच सारखी केली.

पण मी सांगणार होते ते बिस्किटांचं. या गावची लेबकुखेन प्रसिद्ध. मसाल्याचं, मधाचं, जाडसर बिस्किट म्हणा. पहिला घास घेतला आणि मी चपापले. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सुंठ आणि चक्क धने! गोड पदार्थात धने आपण घालत नाही, पण वास मात्र ओळखीचा, मसाल्याचा डबा उघडावा तसा. लेकीने सांगितलं, की हा माल व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत इथे यायचा, आणि न्यूर्नबर्ग व्यापारी वाटांच्या नाक्यावर असल्यामुळे इथे तो मुबलक मिळायचा. त्यातली मिरी, सुंठ, वेलची आपल्याच मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली. मध गावाभोवतालच्या रानातला. मसाला आणि मध एकत्र आले आणि हा धंदा उभा राहिला. लेबकुखेन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ साली झाला. १९९६ पासून 'न्यूर्नबर्गचं लेबकुखेन' हे नाव युरोपात कायद्याने राखीव आहे, दुसऱ्या गावच्या मालाला ते लावता येत नाही. त्यातलं वरच्या दर्जाचं ते एलिझेन. त्यात बदाम, अक्रोड, हेझलनट मिळून निदान २५ टक्के हवेत आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. तळाला कागदासारखी पातळ पापडी असते. मी आधी कागद समजून ती सोलून काढत होते, नात हसून लोळली.

आणि मग त्या दुकानात टांगलेली हृदयं दिसली. वीतभर मोठी, तपकिरी, कडेला पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या साखरेची झालर, मध्ये अक्षरं, रिबीन लावून गळ्यात घालायची. खाण्यापेक्षा ती द्यायला-घ्यायलाच असतात. माझं लक्ष अक्षरांकडे नव्हतं, रेघेकडे होतं. एकसारखी सुटलेली, कुठे तुटलेली नाही, वळणावर जाड झालेली नाही. चिमटीतून रांगोळी सोडताना हीच तर कसरत असते! मी इतकी वाकून बघू लागले, की दुकानदारीणबाईंना वाटलं मला विकत घ्यायचं आहे. लेक म्हणाली, "आई, घेऊया का एक?" मी नको म्हटलं. इतकं गुलाबी मी कुठे घालून फिरणार?

त्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी बोलावलं. त्यांचं नाव लिहीत नाही, तिकडच्या माणसांना ते आवडत नाही. वय ७८, एकट्या राहतात. नाताळच्या आधीचे चार रविवार तिकडे महत्त्वाचे. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एकेक अधिक लावायची. हे दिवस घरोघर बिस्किटं भाजण्याचे. अगदी आपल्या दिवाळीच्या फराळासारखं. पत्र्याचे डबे भरायचे, सहा-सात प्रकार करायचे, ताटलीत थोडं थोडं काढून शेजारी द्यायचं. आमची नात दरवर्षी त्यांच्याकडे रंगवायला जाते. या वर्षी निरोप होता, आजीलाही आण.

टेबलावर जुनं मेणकापड पसरलेलं. आदल्या दिवशी भाजलेली बिस्किटं ताटात मांडलेली. चांदण्या, हृदयं, चंद्रकोरी, घोडे. त्यांचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं, एक-दोन-तीन. १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा, त्यात एक अंडं, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल. कणीक तासभर थंड ठेवायची. चारेक मिलिमीटर जाड लाटायची, आकार कापायचे आणि १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं, कडा जेमतेम बदामी होईतो. आयसिंग चढवण्याआधी बिस्किटं पुरती गार हवीत. जराही कोमट असली तर साखर वितळून ओघळते.

आयसिंगचं त्यांचं तंत्र नीट सांगते, कारण तिथेच सगळं शहाणपण आहे. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला २०० ते २५० ग्रॅम पिठीसाखर आणि चार थेंब लिंबाचा रस. साखर चाळलेलीच हवी, एक कणी राहिली तरी कोनाचं तोंड बुजतं. हे फेटून दाट, उभी राहील अशी पेस्ट होते. ही झाली रेघेची. त्यातलीच निम्मी वेगळी काढून थेंब थेंब पाणी घालत सैल करायची. चमच्याने वरून धार सोडली की दहा आकडे मोजेपर्यंत ती खालच्यात मिसळून सपाट व्हायला हवी. ही झाली भरायची. आधी दाट आयसिंगने कडेची रेघ ओढून बांध घालायचा, तो जरा धरला की आत सैल रंग सोडायचा आणि काडीने कोपऱ्यापर्यंत सरकवायचा. आपण रांगोळीची रेघ आधी काढून मग रंग भरतो, तेच. वाट्यांवर ओलं फडकं सतत हवं, नाहीतर वर पापुद्रा धरतो. आणि रंग वाळल्यावर एक छटा गडद होतो, म्हणून वाटीत असताना फिका वाटला तरी अधिक घालण्याचा मोह आवरायचा.

मी खुर्ची जरा मागेच घेऊन बसले. नातीला म्हटलं, "सांग त्यांना, मी बघते." त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि बटर पेपरचा एक कोन भरून सरळ माझ्या हातात दिला. मेंदीचा कोन धरायची सवय असलेल्या हाताला ती काय नवीन होय? तरी पहिली रेघ थरथरली. दुसरी बरी आली. तिसऱ्या चांदणीवर मी नकळत आठ पाकळ्यांचं कमळ काढून गेले. आजीबाई चष्मा लावून वाकल्या, "ओ!" म्हणाल्या आणि आपलं बिस्किट बाजूला ठेवून माझ्याकडेच बघत बसल्या.

मग गोपद्म, कुयरी, सरस्वती, ठिपक्यांची चौकट. सगळं पांढऱ्यात. समोर लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा सात-आठ वाट्या होत्या. नात आठ वर्षांची. तिचं मराठी लिंगांत अडखळतं, पण नजर तिखट. म्हणाली, "आजी, तू फक्त पांढराच का घेते? लाल रंग चांगली आहे."

मी काहीतरी पुटपुटले. आजीबाईंनी तिला विचारलं, आजी काय म्हणाली? आणि पोरीने, मी आईजवळ बोललेलं कधी कानावर पडलं असेल ते, जसंच्या तसं सांगून टाकलं असावं. कारण जर्मनमध्ये बरंच बोलणं झालं. मग तिने मला मराठीत सांगितलं, "ती विचारते, नवरा मेला तर लाल रंगाने काय केलं?"

मला हसू आलं आणि रडूही. काय उत्तर द्यायचं? "आमच्याकडे पद्धत आहे," म्हटलं. नातीने ते सांगितलं. आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी नीट ध्यानात ठेवलं आहे. त्यांच्याकडेही पद्धत होती. नवरा गेला की वर्षभर बाईने काळं घालायचं. त्यांच्या आजीने तर मरेपर्यंत काळ्याशिवाय काही घातलं नाही. त्यांचे स्वतःचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले, त्या नाताळात त्यांनी बिस्किटं केली नाहीत, आणि दुसऱ्या वर्षीही नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. रिकामे डबे कपाटात होते तेवढे आठवतात म्हणाल्या. तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावर भारतातलं एक जोडपं नवं राहायला आलं, बायको पोटुशी होती, तिला काहीतरी द्यायला हवं म्हणून त्यांनी पीठ मळलं.

ती पोटुशी बाई म्हणजे माझी लेक. आणि पोटात होती ती हीच, आमची दुभाषी. तिने हे भाषांतर अगदी कोरड्या तोंडाने केलं आणि विचारलं, "आता लाल देऊ?"

दे म्हटलं.

कुयरी घेतली. पांढऱ्याचा बांध, आत कुंकवासारखा लाल, त्यात पिवळे ठिपके. हात चालायला लागला तो थांबेना. ओल्या रंगावर दुसऱ्या रंगाचे थेंब सोडून मधून सुईचं टोक ओढलं की थेंबांची हृदयं होतात, ही त्यांची युक्ती. मी तीच गोलात फिरवून मोराची पिसं केली, ही माझी. पण घाईला शिक्षा होतेच. लाल पुरता वाळायच्या आत मी त्यावर पांढरी जाळी घातली आणि सकाळी बघते तो सगळी जाळी गुलाबी! गडद रंग फिक्यात उतरतो. मधे सहा-आठ तास, शक्यतो रात्रभर जाऊ द्यावी लागते. आजीबाईंनी फुटकी, डागाळलेली बिस्किटं एका वेगळ्या ताटलीत काढली होती. ती आपण खायची, म्हणाल्या. हा नियम जगभर एकच दिसतो.

त्या ताटल्या मग इमारतीत गेल्या. माझ्या मोराचं बिस्किट तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी खाल्लंच नाही, दोरा ओवून नाताळच्या झाडाला टांगलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी परत आले. सामानात रंगांच्या सहा नळ्या आणि चांदणीचा साचा. सूनबाईच्या ओव्हनमध्ये प्रयोग केले. आपल्याकडे करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कच्चं अंडं ज्यांना चालत नाही, किंवा घरात लहान मूल वा गरोदर बाई आहे, त्यांनी पिठीसाखर आणि लिंबाचा रस किंवा दूध एवढ्यावरच भागवावं. रेघ तितकी टणक होत नाही, पण काम होतं. दुसरं, हे पावसाळ्यात करू नका, साखर चिकट होऊन बसते. थंडीचे कोरडे दिवस उत्तम, आणि पंख्याखाली वाळवलीत तर लवकर वाळतात.

तोवर संक्रांत आली. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. आमच्या घरी सुनेला आली. २०२२ साली आमच्याच बाजूच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पेपरात गाजला, सरकारनेही तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव झाला म्हणून शेजारणीच्या दारातलं पाऊल लगेच हलतं असं नाही. तिला तरी दोष काय द्यायचा? दिवाळीत मी माझ्याच उंबऱ्यावरून उठले होते की.

मी रथसप्तमीच्या आधी एक संध्याकाळ ठरवली. हळदीकुंकू म्हटलं नाही. "तिळगूळ घ्यायला आणि जर्मनीची बिस्किटं बघायला या," असा निरोप वीस घरी दिला, सवाष्ण-विधवा असं काही न पाहता. मैद्यात भाजलेल्या तिळाचं कूट घातलं होतं. त्यावर काळ्या चंद्रकळेवर शोभेल असं पांढरं हलव्याचं नक्षीकाम, पतंग, आणि लाल-पिवळ्या कुयऱ्या. दारात रांगोळी काढली. चार रंगांची, मोठी नाही, हातभर.

चौदाजणी आल्या. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई आल्या, त्या तर वीस वर्षांत अशा कुठल्या कार्यक्रमाला गेलेल्या मला आठवत नाहीत. बिस्किट हातात घेऊन म्हणाल्या, "हे मोडवत नाही हो." दोघीतिघींनी कृती लिहून घेतली, एकीने कोन हातात धरून सरस्वती काढून पाहिली.

माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या नाहीत. त्या पाच घरं टाकून राहतात. येणार नाहीत हे मला माहीतच होतं, वाईट वाटलं नाही म्हणाले तर खोटं होईल. त्यांच्या वाटणीची बिस्किटं डब्यात भरून मी मुलाबरोबर पाठवली, वर लाल कुयरी ठेवून. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी डबा परत आला, घासूनपुसून. आत चार गूळपोळ्या होत्या, अजून कोमट.